विभागूनही न सुटणाऱ्या पेशी: सस्तन भ्रूणाच्या पहिल्या दिवसांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या वंध्यत्व उपचार केंद्रांत रोज कुणाच्या ना कुणाच्या हाती भ्रूणाचे एक छोटे छायाचित्र आणि त्याखालचा चार शब्दांचा शेरा पडतो: ‘डे थ्री, आठ पेशी’, ‘कॉम्पॅक्टिंग’, ‘मोरूला’, ‘४ एए’. त्या शेऱ्याचा अर्थ समजून घेऊ पाहणारी जोडपी आणि बारावी किंवा बीएस्सीला विदलनाचा धडा शिकणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर एकाच गोष्टीवर आहे: एका पेशीच्या दोन, चार, आठ होत असताना त्या पांगत का नाहीत. हे पान उपचाराचा सल्ला देत नाही. तो आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

फलित अंडाचे विभाजन शरीरातल्या इतर पेशींच्या विभाजनाहून वेगळे कसे?

त्वचेची किंवा आतड्याची पेशी आधी वाढते आणि मग विभागते, त्यामुळे तिच्या लेकी पुन्हा आईएवढ्याच होतात. फलित अंड मात्र वाढत नाही. माणसाचे अंड सुमारे एक दशांश मिलिमीटर व्यासाचे असते आणि उंदराचे त्याहून थोडे लहान. पहिल्या काही दिवसांत तेवढ्याच ऐवजाची वाटणी होत जाते, म्हणून प्रत्येक विभाजनानंतर पेशी लहान होतात आणि भ्रूणाचा एकूण आकार जवळजवळ तसाच राहतो. यालाच विदलन म्हणतात. माणसात दुसऱ्या दिवशी साधारण चार पेशी असतात, तिसऱ्या दिवशी आठ, चौथ्या दिवशी मोरूला, म्हणजे पेशींचा भरीव गोळा, तयार होतो आणि पाचव्या दिवशी आत पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट दिसू लागतो.

हा क्रम पाठ्यपुस्तकात आहे आणि तो बरोबरही आहे. मात्र दोन, चार, आठ, सोळा असे मोजत गेल्यामुळे आपले सगळे लक्ष विभागण्यावर खिळते आणि दुसरी बाजू नजरेआड होते. आठ सुट्या पेशी एका जागी ठेवल्या म्हणून भ्रूण होत नाही. जोडलेले राहण्यासाठी भ्रूणाला सतत काम करावे लागते, आणि ते काम विभाजनाइतकेच नेमके असते.

विभाजन पूर्ण झाल्यावर दोन पेशी एकमेकींपासून तुटत नाहीत का?

प्रौढ शरीरातल्या बहुतेक पेशी तुटतात. गुणसूत्रे दोन बाजूंना सरकली की पेशीच्या मध्याभोवती ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे एक कडे तयार होते आणि ते आवळत जाते. पेशीची कंबर बारीक होत होत शेवटी दोन भगिनी पेशींमध्ये केवळ एक अरुंद पूल उरतो. त्या पुलात सूक्ष्मनलिकांची, म्हणजे पेशीचा सांगाडा आणि वाहतुकीचे मार्ग असलेल्या पोकळ प्रथिनतंतूंची, घट्ट जुडी असते आणि तिच्या मधोमध एक दाट गाठ दिसते. ही गाठ वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिली होती. यानंतर ‘एस्कॉर्ट’ नावाच्या प्रथिनसमूहाची वेटोळी गाठीच्या बाजूला जमतात, स्पास्टिन हे विकर सूक्ष्मनलिका तोडते, आवरण चिमटले जाते आणि पूल तुटतो. संवर्धन केलेल्या पेशींमध्ये हे सारे कडे आवळल्यानंतर साधारण एक ते दोन तासांत उरकते.

उंदराच्या सुरुवातीच्या भ्रूणात ही शेवटची पायरी नेहमीसारखी घडत नाही. कंबर आवळते, पूल तयार होतो आणि तो तसाच राहतो. केंद्रके पुन्हा आकार घेतात, पेशी विश्रांतीच्या म्हणवल्या जाणाऱ्या पण प्रत्यक्षात कामाने गजबजलेल्या अवस्थेत शिरते, तरीही दोन बहिणींमधला तो दुवा टिकून असतो. म्हणजे या भ्रूणातली पेशी केवळ शेजारच्या पेशींना टेकलेली नसते. ज्या पेशीबरोबर ती जन्मली त्या एका पेशीशी तिचे नाते वेगळे आणि थेट असते.

हा पूल तुटायचा राहून गेलेला अवशेष आहे, की त्याला काही काम आहे?

त्याला काम आहे, आणि ते समजल्यावर या विषयाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. त्यासाठी आधी एक अडचण समजून घ्यावी लागते.

बहुतेक प्राणीपेशींत केंद्रकाजवळ तारककाय असते. सूक्ष्मनलिकांचे एक टोक तेथे रोवलेले असते आणि दुसरे टोक पेशीच्या कडेकडे वाढत जाते. पेशीत तयार झालेली प्रथिने लहान पिशव्यांत भरून याच नलिकांवरून योग्य ठिकाणी नेली जातात. उंदराच्या भ्रूणात मात्र पहिल्या विभाजनांच्या काळात तारककाय नसतेच. उंदराच्या शुक्राणूतले तारककेंद्र, म्हणजे ज्याभोवती तारककाय उभे राहते तो गाभा, शुक्राणू तयार होतानाच नष्ट झालेले असते, अंडातलेही गेलेले असते, आणि ब्लास्टोसिस्टच्या सुमारास ते नव्याने घडते. तोवर सूक्ष्मनलिका कोठून निघतात आणि त्यांना दिशा कोण देते, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता.

२०१७ साली सिंगापूरच्या निकोलस प्लाख्टा यांच्या प्रयोगशाळेतून जेनिफर झेंकर आणि सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्यांनी जिवंत भ्रूणातल्या सूक्ष्मनलिकांना चमकणारी प्रथिने जोडली आणि विभाजनानंतर काय होते ते सलग पाहिले. भगिनी पेशींच्या जोड्यांमध्ये नलिकांचे स्पष्ट पूल दिसले. नलिकेच्या वाढत्या टोकावर बसणाऱ्या प्रथिनालाही चमक दिली, तेव्हा ती टोके पुलाकडून निघून दोन्ही पेशींच्या आत जाताना दिसली. पुलाच्या ठिकाणी ‘कॅमसॅप-३’ नावाचे प्रथिन साठलेले होते. नलिकेचे न वाढणारे टोक धरून ठेवणे आणि ते विरघळू न देणे हे त्याचे काम. थोडक्यात, जो दुवा विभाजनाच्या शेवटी कापून टाकायचा, त्याच्याच जागी भ्रूणाने तारककायाविना सूक्ष्मनलिकांचे केंद्र उभारले होते.

या केंद्रातून निघालेल्या मार्गांवरून जो माल जातो त्यात पेशींना एकमेकींशी चिकटवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन असते. कॅमसॅप-३ कमी केले की ही वाहतूक विस्कळीत होते, पेशीच्या आवरणापर्यंत ई-कॅडहेरिन नीट पोहोचत नाही आणि भ्रूणाच्या आतला पेशीपुंज, ज्यातून पुढे बाळाचे शरीर घडते, तो नीट तयार होत नाही. एक जोड दुसऱ्या, अधिक पक्क्या जोडाची सोय करून ठेवते. या संशोधनातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हे माणसाच्या भ्रूणातही तसेच घडते का?

हे पूल आणि त्यांतले कॅमसॅप-३ यांचे वर दिलेले वर्णन उंदराचे आहे आणि ते उंदरापुरतेच वाचावे. माणसाच्या भ्रूणाला तारककेंद्र शुक्राणूकडून मिळते, त्यामुळे सूक्ष्मनलिकांच्या मांडणीबाबत माणूस आणि उंदीर यांच्यात पहिल्याच दिवसापासून फरक आहे. विभाजनातले आवळणारे कडे, गाठ असलेला पूल, ई-कॅडहेरिन आणि पुढच्या साऱ्या जोडण्या मात्र दोघांतही आहेत. विद्यार्थ्यांना माझा आग्रहाने एकच सल्ला आहे: उंदरावरील निष्कर्ष उत्तरपत्रिकेत लिहिताना ‘सस्तन प्राण्यांत’ असे सरसकट न लिहिता ‘उंदरात’ असे लिहावे.

ई-कॅडहेरिन पेशींना नेमके कसे जोडते?

ई-कॅडहेरिन पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले असते. त्याचा बाहेरचा भाग पाच खंडांचा असतो आणि खंडांच्या सांध्यांत कॅल्शियमचे आयन बसलेले असतात. कॅल्शियम असेल तर हा भाग ताठ राहतो आणि समोरच्या पेशीवरच्या तशाच रेणूला धरू शकतो. कॅल्शियम काढून घेतले की तो लुळा पडतो आणि पकड सुटते. पेशीच्या आत हेच प्रथिन बीटा-कॅटेनिन आणि अल्फा-कॅटेनिन यांच्यामार्फत ॲक्टिनच्या जाळ्याशी बांधलेले असते. म्हणून ही पकड आवरणापुरती राहत नाही. एका पेशीचा सांगाडा दुसरीच्या सांगाड्याला जोडला जातो.

या रेणूचा शोध दोन वेगळ्या वाटांनी लागला. पॅरिसमध्ये रोल्फ केमलर, फ्रान्स्वा जाकोब आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवले की पेशीपृष्ठावरील एका घटकाविरुद्धची प्रतिपिंडे उंदराच्या भ्रूणावर सोडली तर पेशी एकमेकींना घट्ट बिलगत नाहीत आणि प्रतिपिंडे धुऊन काढली की पुन्हा बिलगू लागतात. जपानमध्ये मासातोशी ताकेइची कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या चिकटण्याचा अभ्यास करत होते आणि या रेणूंचे कॅडहेरिन हे नाव त्यांच्याच गटाने रूढ केले. दोन्ही वाटा एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाल्या.

पुढे १९९४ साली ई-कॅडहेरिनचे जनुकच नसलेले उंदराचे भ्रूण तयार करण्यात आले. ते सुरुवातीला बिलगले, कारण आईने अंडात ठेवलेला साठा शिल्लक होता. तो संपल्यावर मात्र त्यांना बाहेरचा सलग पेशीथर उभा करता आला नाही आणि विकास थांबला. आईचा साठाही नसलेली अंडी वापरली तेव्हा पेशी सुरुवातीपासूनच सुट्या राहिल्या आणि वडिलांकडून आलेले जनुक कामाला लागल्यावरच जवळ आल्या. भ्रूणाची पहिली जोड आईच्या शिदोरीवर उभी असते, हे यातून स्पष्ट झाले.

रिपोर्टवर ‘कॉम्पॅक्टिंग’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

आपला भ्रूण पेशी घट्ट करण्याच्या अवस्थेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. उंदरात हे आठ पेशींच्या अवस्थेत घडते, तर माणसात साधारण चौथ्या दिवशी, आठ ते सोळा पेशी असताना.

सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल पाहण्यासारखा असतो. आधी प्रत्येक पेशी गोल आणि वेगळी दिसते, पेशींच्या मधल्या खाचा खोल असतात आणि प्रत्येकीची कडा काळ्या रेघेसारखी उठून दिसते. मग खाचा उथळ होऊ लागतात, शेजारच्या दोन गोलांमधला कोन उघडत जातो, संपर्काची रेघ लांबते आणि काही तासांत कडा पुसट होऊन पेशी मोजता येईनाशा होतात. सीताफळाचा चिकू व्हावा तसा हा बदल आहे. ‘आता पेशी दिसतच नाहीत, भ्रूण खराब झाला का?’ असे घाबरून विचारणारे बरेच जण असतात. या टप्प्यावर पेशी वेगवेगळ्या न दिसणे हीच अपेक्षित गोष्ट आहे.

पेशी घट्ट कशा होतात? केवळ चिकटपणा वाढतो म्हणून का?

पूर्वी तसेच मानले जात असे. आता चित्र बदलले आहे.

२०१३ साली प्लाख्टा यांच्याच गटाने दाखवले की आठ पेशींच्या उंदराच्या भ्रूणात काही पेशी ॲक्टिनचे बारीक, लांब हात बाहेर काढतात आणि शेजारणींच्या पृष्ठभागावर रोवतात. या हातांना ई-कॅडहेरिन लागते. लेसरने हे हात कापले की हात काढणारी पेशी पुन्हा गोल होते, यावरून ते तिला पसरट ठेवण्यासाठी ओढ धरून असतात हे कळले.

त्यानंतर २०१५ साली झाँ-लेओं मेत्र आणि सहकाऱ्यांनी बारीक काचनळीने पेशीचा पृष्ठभाग किंचित ओढून तिथला ताण मोजला. पेशींचा बाहेरच्या द्रवाकडचा पृष्ठभाग अधिकाधिक ताणला जातो आणि त्यामुळे पेशी एकमेकींकडे खेचल्या जातात, असे त्यांना आढळले. हा ताण ॲक्टिन आणि मायोसिन यांच्या आकुंचनातून येतो. पेशीच्या कडेने आकुंचनाच्या लाटाही फिरताना दिसतात. ई-कॅडहेरिनचे काम येथे दुहेरी आहे. ते पकड देते, शिवाय जिथे दोन पेशी टेकल्या आहेत तिथले आकुंचन आवरून धरते. बाहेर ताण जास्त आणि आतल्या संपर्कावर कमी, या फरकामुळे संपर्क रुंदावतो.

माणसाच्या भ्रूणाबाबतही आता थेट मोजमाप उपलब्ध आहे. उपचारानंतर शिल्लक राहिलेले आणि संशोधनासाठी दान केलेले भ्रूण वापरून मेत्र यांच्या पॅरिसमधील गटाने २०२४ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसातही संपर्कावरचा ताण स्थिर राहतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावरचा ताण सुमारे चौपट होतो. तत्त्व उंदरासारखेच, प्रमाण वेगळे. त्यांच्या अभ्यासातून असेही पुढे आले की पुरेसे आकुंचन करू न शकणारी पेशी समूहाबाहेर राहू शकते. चौथ्या दिवशीच्या छायाचित्रात एखादी पेशी गोळ्यापासून अलग दिसते, तिच्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

जोडलेल्या पेशींमध्ये पदार्थांची देवाणघेवाण होते का?

होते. आठ पेशींच्या सुमारास उंदराच्या भ्रूणात गॅप जंक्शन तयार होतात. कनेक्झिन प्रथिनांच्या या अतिसूक्ष्म नलिका शेजारच्या पेशींना जोडतात आणि त्यांतून आयन व लहान रेणू ये-जा करतात. मोठी प्रथिने त्यांतून जात नाहीत. एका पेशीत लहान रेणूचा चमकणारा रंग सोडला की तो शेजारी पसरताना दिसतो. १९७९ साली सिसिलिया लो आणि नॉर्टन गिलुला यांनी हे दाखवले.

पाचव्या दिवशी आत पाणी भरते, ते पेशींच्या फटींतून बाहेर का जात नाही?

कारण बाहेरच्या पेशी तोवर एकमेकींशी शिवल्या गेलेल्या असतात. मोरूलात काही पेशी बाहेर राहतात, काही आत जातात. बाहेरच्या पेशींच्या कडांवर टाइट जंक्शन नावाचे पट्टे तयार होतात आणि ते पेशींमधली फट द्रवासाठी बंद करतात. २०१८ साली झेंकर आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’ या नियतकालिकात याची यंत्रणा वर्णिली: सोळा पेशींच्या अवस्थेत बाहेरच्या पेशींच्या पृष्ठभागावर ॲक्टिनची कडी तयार होतात, ती पसरत पेशीच्या सीमेपर्यंत पोहोचतात आणि शेजारच्या पेशींची कडी तिथे जुळून सीमा बंद होते. त्यानंतर बाहेरच्या पेशींतले सोडियम पंप आत क्षार ढकलतात, क्षारामागोमाग पाणी येते आणि पोकळी फुगते. शिवण कच्ची असेल तर पंप कितीही चालले तरी पोकळी टिकत नाही.

बाहेरच्या या थरातून पुढे अपरा, म्हणजे वार, तयार होण्यास सुरुवात होते आणि आतल्या पुंजातून गर्भाचे शरीर घडते. कुठली पेशी आत आणि कुठली बाहेर, यावर तिचे भवितव्य ठरते. म्हणून जोडलेले राहणे ही केवळ बळकटीची बाब नाही. आपण कुठे आहोत हे पेशीला तिच्या जोडांवरूनच कळते: जिचा एक पृष्ठभाग मोकळा आहे ती बाहेरची, जिला सर्व बाजूंनी शेजारणी आहेत ती आतली.

‘४ एए’ या शेऱ्याचा पेशींच्या जोडणीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि हे फारसे कुणी समजावून सांगत नाही. ब्लास्टोसिस्टच्या प्रचलित श्रेणीपद्धतीत पहिला आकडा पोकळी किती फुगली आहे ते सांगतो. त्यापुढचे पहिले अक्षर आतल्या पेशीपुंजाचे असते: पेशी पुरेशा आहेत का आणि एकमेकींना दाटून बिलगलेल्या आहेत का. दुसरे अक्षर बाहेरच्या थराचे: पेशी भरपूर असून त्यांचा सलग, एकसंध थर झाला आहे का, की तो विरळ आणि तुटक आहे. म्हणजे दोन्ही अक्षरे पेशींच्या संख्येबरोबर त्यांच्या जोडणीचीही पारख करतात. ही पारख डोळ्यांनी केलेली असते आणि ‘बी’ शेरा मिळालेल्या भ्रूणांतूनही निरोगी बाळे जन्माला येतात, हे जोडप्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

पेशी सुटल्या तर जुळे होतात का?

होऊ शकतात, कारण सुरुवातीच्या पेशींपैकी एकेक पेशीही बरेच काही घडवू शकते. पोलिश शास्त्रज्ञ आंद्रेय तार्कोव्स्की यांनी १९५९ साली दाखवले की उंदराच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी नष्ट केली तरी उरलेल्या एकीपासून पूर्ण उंदीर जन्मू शकतो. दोनच वर्षांनी त्यांनी उलटा प्रयोग केला: बाहेरचे पारदर्शक कवच काढलेले दोन वेगळे भ्रूण एकमेकांना टेकवून ठेवले, ते चिकटले आणि त्यांतून एकच उंदीर घडला. कोणती पेशी मूळची कोणाची, याची विचारणा जोडणारे रेणू करत नाहीत.

माणसात सुमारे अडीचशे प्रसूतींमागे एक प्रसूती एकबीज जुळ्यांची असते. प्रचलित समजुतीनुसार पहिल्या तीन दिवसांच्या आत विलग झाल्यास दोघांची वार वेगवेगळी असते, चौथ्या ते आठव्या दिवसादरम्यान झाल्यास वार एक पण पाण्याच्या पिशव्या दोन असतात, आणि विलग होणे फार उशिरा, अपुरे घडले तर जुळी एकमेकांना जोडलेली जन्मतात. एकबीज जुळ्यांपैकी बहुसंख्य एकाच वारेची असतात. याचा अर्थ बहुतेक वेळा विलग होणे पेशी बिलगून झाल्यानंतर घडते, असा या समजुतीतून निघतो.

तपासणीसाठी एक पेशी काढली तर उरलेला भ्रूण विस्कटत नाही का?

गंभीर आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी पूर्वी तिसऱ्या दिवशी आठांपैकी एखादी पेशी काढली जात असे. ती काढताना भ्रूण थोडा वेळ कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसलेल्या द्रवात ठेवत, म्हणजे ई-कॅडहेरिनची पकड तात्पुरती सैल होई आणि शेजारच्या पेशींना इजा न होता एक पेशी बाहेर घेता येई. नेहमीच्या द्रवात परत ठेवल्यावर उरलेल्या पेशी पुन्हा बिलगत. आता ही तपासणी बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी बाहेरच्या थरातल्या काही पेशी घेऊन करतात. तिथे पेशी शिवलेल्या असल्यामुळे त्या अलग करण्यासाठी लेसर वापरावा लागतो. भारतात अशा तपासणीतून लिंगनिवड करणे हा गुन्हा आहे.

अंडाभोवतीचे आवरणच पेशींना एकत्र ठेवते ना?

पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच अंशी होय. झोना पेल्युसिडा हे ग्लायकोप्रथिनांचे पारदर्शक कवच असते आणि बिलगण्यापूर्वीच्या सैल पेशी त्याच्या आत सुरक्षित राहतात. पुढे भ्रूण त्यातून बाहेर पडूनच गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. तोवर स्वतःच्या जोडण्या पक्क्या झालेल्या असाव्या लागतात.

भगिनी पेशींमधले हे पूल मुंबईतल्या एखाद्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहता येतील का?

उपचार केंद्रातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत. तिथे भ्रूणाला रंग लावला जात नाही, आणि लावूही नये. साध्या प्रकाशात कडा, खाचा आणि पोकळी एवढेच दिसते. पूल पाहण्यासाठी नलिकांना चमक देणारी प्रथिने आणि भ्रूणाचे पातळ थर एकेक करून टिपणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लागतो, म्हणून असे काम उंदराच्या भ्रूणावर आणि संशोधन संस्थांमध्येच होते.

मुंबईचा या क्षेत्राशी संबंध मात्र जुना आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला आणि त्या कामात परळमधीलच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेचा वाटा होता. ज्या विद्यार्थ्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांनी पेशीजीवशास्त्राचा पाया पक्का करावा. नुसते भ्रूणशास्त्र वाचून ॲक्टिन आणि मायोसिन समजत नाहीत, आणि या विषयातला गेल्या दहा-बारा वर्षांतला बराचसा शोध तिथेच लागलेला आहे.

प्रौढ शरीरात असे न तुटणारे पूल कुठे असतात का?

असतात. वृषणात शुक्राणू घडत असताना एकाच पेशीपासून आलेल्या पेशी पुलांनी जोडलेल्या राहतात आणि एका मोठ्या समूहासारख्या एकाच गतीने पुढे सरकतात. येथे पूल बराच रुंद असतो आणि त्यातून पेशीद्रव्यातली मोठी प्रथिने आणि आरएनएसुद्धा जाऊ शकतात. त्याचा एक मोठा उपयोग आहे. अर्धसूत्री विभाजनानंतर निम्म्या पेशींकडे एक्स गुणसूत्र असते आणि निम्म्यांकडे वाय. एक्सवरच्या जनुकांपासून तयार होणारा माल वाय मिळालेल्या पेशींना या पुलांतून मिळतो. उंदरात ‘टेक्स-१४’ हे प्रथिन हे पूल टिकवून धरते. त्याचे जनुक निकामी केलेल्या नर उंदरांमध्ये पूल तयार होत नाहीत, शुक्राणूंची घडण मध्येच थांबते आणि नर वंध्य होतात; अशा माद्यांना मात्र पिले होतात.

फळमाशीच्या अंडाशयातही हेच तत्त्व दिसते. तिथे एका पेशीपासून चार विभाजनांत सोळा पेशी होतात, त्या पंधरा पुलांनी जोडलेल्या राहतात, त्यांपैकी एकच अंड होते आणि उरलेल्या पंधरा पेशी त्या पुलांमधून तिला पोसतात.